दसऱ्याची टेप

देवराम अण्णांनी सोमवारी सकाळी ऑफिसात आल्या आल्या, चहाच्याही आधी, आपल्या मुलीचा मेल न उघडता डिलीट केला. यात नवीन काही नव्हतं. गणपतीपासून ते हेच करत होते. हर्षालीचं नाव स्क्रीनवर दिसलं की मेल उडवायचा आणि मग समोर जो कोणी येईल त्याला, चूक असो वा नसो, दोन शब्द सुनावायचे, असा त्यांचा नेमच झाला होता.

हर्षाली पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला होती आणि तिने पुंजाच्या समाधानशी लग्न करायचं मनात आणलं होतं. मुलगा शिकलेला, सरळ, घर तोलामोलाचं. अडचण एवढीच की तो पुंजाचा होता. पंचवटीच्या बाजारात देवराम आणि पुंजा एकेकाळी शेजारी शेजारी बसून फुलं विकत. एका पावसाळ्यात पुंजाने आपली ताडपत्री अशी काही बांधली की तिचं सगळं पाणी अण्णांच्या झेंडूच्या पाट्यांत पडलं. पुढे अण्णांची फुलं आणि भाजी विमानाने दुबईला जायला लागली, पाट्या जाऊन खोकी आली, बाजाराजवळ दोन मजली ऑफिस झालं, पण ते पाणी काही त्यांच्या मनातून ओसरलं नाही. हर्षालीने समाधानचं नाव घेतलं त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला. ती फोन करायची, तेव्हा अण्णांना नेमकं अंघोळीला जायचं असायचं. मग तिने मेल लिहायला सुरुवात केली.

त्या रात्री जेवताना त्यांच्या बायकोने, नवसाबाईंनी, भाकरी वाढता वाढता विचारलं, "हर्षीचा मेल वाचला का?"

"कोणता?"

"आज सकाळचा. मला फोन आला व्हता तिचा. म्हणे, अण्णांना काय ते शेवटचं लिहून टाकलंय, आता पुन्हा लिहिणार नाय. गुरुवारी संध्याकाळी फोन करती. तवा तुम्हीच काय ते बोला म्हणे."

अण्णांचा घास हातातच राहिला. "शेवटचं म्हंजे काय?"

"ते मला कुठं सांगती? अण्णांनाच इचार म्हणे. म्हणून तर इचारते."

"आज लय गडबड व्हती," अण्णा म्हणाले. "उद्या निवांत वाचतो."

मुलीवर रागावणं ही एक गोष्ट आणि मुलीने 'शेवटचं' म्हणणं ही दुसरी. अण्णांना ती रात्र जड गेली. कोर्टात जाऊन लग्न करून मोकळी झाली की काय? की कंपनीने अमेरिकेला पाठवली आणि आता ती परत येतच नाही? पुन्हा पाठव म्हणावं, तर न वाचता उडवला हे कबूल करावं लागणार. आणि आजवर आलेला प्रत्येक मेल आपण असाच उडवला हे नवसाबाईंना कळलं, तर इंदिरानगरच्या आपल्या बंगल्यात राहणं कठीण. काही झालं तरी तो मेल गुरुवारच्या आत वाचायला हवा होता.

मंगळवारी सकाळी त्यांनी संतोषला केबिनमध्ये बोलावून दार लावायला सांगितलं. संतोष मूळचा नांदगावचा. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात असत आणि मेल सर्व्हरही त्यानेच बसवला होता.

"दुबईच्या पार्टीचा एक मेल काल सकाळी चुकून डिलीट झाला," अण्णा म्हणाले. "काढून दे."

"डिलीट केलेला आता नाही निघायचा, अण्णा. डिस्क भरत होती तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, डिलीट म्हणजे डिलीट, मागे काही ठेवू नको. तसंच सेटिंग केलंय."

अण्णांनी आपण असं काही बोललो होतो हे चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"मग पार्टीलाच सांगा ना, परत पाठवा म्हणून," संतोष म्हणाला.

"त्याला काय सांगू? तुझा मेल मी कचऱ्यात टाकला? इज्जत राहती का मग? अरे, तू ती टेप घेतोस ना रोज? त्यातून काढ."

हे ऐकून संतोष एकदम उंच झाल्यासारखा दिसू लागला. त्याच्या आयुष्यात टेपला फार मोल होतं. रोज दुपारी सगळे डबे उघडत तेव्हा तो बॅकअप लावायचा. सोमवारची टेप वेगळी, मंगळवारची वेगळी. संध्याकाळी टेप डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायची, म्हणजे ऑफिसला आग लागली तरी कंपनी सुरक्षित. सगळे त्याची थट्टा करत. हिशोब सांभाळणाऱ्या सुवर्णाताई तर रोज विचारायच्या, "आज काय नेताय डब्यातून, भेंडी की कंपनी?" एवढा काळ गेला, पण कोणीही कधी टेप मागितली नव्हती. ऑफिसला आग लागावी असं संतोषला वाटत नव्हतं. पण कोणाचं तरी काहीतरी हरवावं, असं मात्र रोज वाटायचं.

"अर्ध्या तासात देतो, अण्णा," तो म्हणाला.

सोमवारी सकाळचा मेल सोमवारच्या टेपवर असणार नाही, कारण बॅकअप दुपारी लागायचा आणि तो सकाळीच उडालेला, हे त्याला माहीत होतं. पण पार्टीने आधीही काही लिहिलं असेल म्हणून त्याने शनिवारची टेप घातली. टेपवर सगळं होतं. गुलाबांचे फोटो होते, जमाखर्च होता, सुवर्णाताईंनी भाचीच्या लग्नासाठी टाईप केलेले उखाणे होते. मेल नव्हते. शुक्रवारच्या टेपवर नव्हते. गुरुवारच्याही नव्हते. मग त्याने सॉफ्टवेअर रोज जो अहवाल काढायचं तो पहिल्यांदा वरपासून वाचला. इतके दिवस तो फक्त शेवटची ओळ वाचायचा: बॅकअप पूर्ण झाला. तिच्याच वर रोज न चुकता आणखी एक ओळ होती: मेलची फाईल वापरात आहे, म्हणून वगळली.

त्याने घामाघूम होऊन सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाला फोन लावला.

"मेल सर्व्हर चालू असताना त्याची फाईल उघडीच असते हो," तो माणूस म्हणाला. "सारखं काहीतरी येतं, जातं, आत लिहिलं जातं. आमचं सॉफ्टवेअर उघड्या फाईलला हात लावत नाही, सोडून पुढे जातं. मेलसाठी वेगळा भाग घ्यावा लागतो, तो मेल सर्व्हरशी बोलून चालू फाईल उचलतो. तुमच्या कोटेशनमध्ये होता की."

"मग आम्ही घेतला नाही?"

"तुमच्या अण्णांनी काट मारली. म्हणाले, मेल कॉम्प्युटरातच असतो ना, मग कॉम्प्युटरचा बॅकअप घेताना त्याचे वेगळे पैसे कशाचे."

संतोषला ते आठवलं. त्या वेळी त्यालाही अण्णांचं म्हणणं पटलं होतं, हेही आठवलं. उरलेला मंगळवार त्याने होत्या तेवढ्या टेपा चाळण्यात घालवला. बुधवारी सकाळी फक्त एक टेप राहिली, आणि ती त्याच्या कपाटात नव्हती. ती लक्ष्मीच्या फोटोसमोरच्या फळीवर, उदबत्तीच्या घराशेजारी होती.

त्याचं असं झालं होतं. दसऱ्याला ऑफिसात यंत्रांची पूजा व्हायची आणि ती करायला नवसाबाई स्वतः यायच्या. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी. वजनकाटा बंद, टेम्पो उभे, फोटो काढायचा कॅमेराही पाटावर. यंदा त्या सर्व्हरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "याला पण झोपू दे आज." सर्व्हर जुना होता, एकदा बंद केला की पुन्हा उठेल याची संतोषला खात्री नव्हती. त्याने मधला मार्ग काढला. मशीन चालू ठेवलं, आतला मेल तेवढा बंद केला, स्क्रीन काळा केला आणि "झोपवलाय" म्हणून सांगितलं. दुपारी मात्र हात गप्प बसेनात, त्याने हळूच बॅकअप लावला. टेप बाहेर यायला आणि नवसाबाई ताट घेऊन यायला एकच गाठ पडली. त्यांनी टेपला हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. असली टेप पुन्हा मशीनमध्ये घातली तर मशीन बिघडायचं, आणि पूजलेली म्हणून फेकता येईना. म्हणून ती फळीवर गेली आणि तिच्या जागी नवीन टेप आली.

मनातल्या मनात नवसाबाईंची माफी मागून संतोषने कुंकू पुसलं, अक्षता झटकल्या आणि टेप घातली. मेलची फाईल तिच्यावर अख्खी होती. त्या दिवशी मेल खरोखरच झोपला होता, फाईल मिटलेली होती, आणि सॉफ्टवेअरने ती मुकाट उचलली होती.

"अण्णा, फक्त दसऱ्यापर्यंतचे मेल मिळतायत," त्याने येऊन सांगितलं. "तुमचा तर सोमवारचा."

अण्णांनी आठवून पाहिलं. नवरात्रात हर्षालीचा एक मेल आला होता. सणासुदीला मुलीचं काही उडवायला नको म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला आणि दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उडवला. म्हणजे त्या टेपवर तो असणार. सोमवारचा नाही तर नाही, पोरीच्या मनात काय आहे एवढं तरी कळेल.

"दसऱ्याचाच काढ," ते म्हणाले. "त्यानं तवाबी तेच लिहिलं असंल."

"पण एक आहे. सगळ्या ऑफिसचे मेल मिळून एकच फाईल आहे. तुमचा एकटा त्यातून नाही काढता येत. सगळी फाईल जागेवर ठेवावी लागेल. म्हणजे सगळं ऑफिसच दसऱ्यावर जाईल."

"जाऊ दे. किती येळ?"

"तुमचं वाचून होईपर्यंत. आजची फाईल बाजूला काढतो, नंतर होती तिथे ठेवतो. कोणाला कळणारही नाही."

सर्व्हरवर दोन फायलींना जागा नव्हती. मोठी, नवी डिस्क फक्त सुवर्णाताईंच्या कॉम्प्युटरला होती आणि त्या बँकेत गेल्या होत्या. संतोषने आजची फाईल तिथे नेऊन ठेवली, दसऱ्याची सर्व्हरवर चढवली आणि मेल सुरू केला. अण्णांनी पासवर्ड टाकला. मशीनने तो नाकारला.

"पासवर्डसुद्धा दसऱ्याचा लागेल, अण्णा. मधे बदलला होता का?"

दिवाळीत बदलला होता. जुना पासवर्ड मुलीचं नाव होतं, आणि रागाच्या भरात अण्णांनी ते काढून तिथे टेम्पोचा नंबर घातला होता.

"तू जा भाईर," ते म्हणाले. "दार लाव."

मग त्यांनी एका बोटाने सावकाश पोरीचं नाव टाईप केलं आणि मशीनने त्यांना आत घेतलं.

मेल मराठीत होता, पण इंग्रजी अक्षरांत. अण्णांना एकेक शब्द ओठ हलवत वाचावा लागला.

"अण्णा, तुम्ही फोनवर येत नाही म्हणून लिहितेय. ती ताडपत्री बांधली तेव्हा समाधान बालवाडीत होता, त्याचा तिच्यात काही हात नव्हता. पण तुमचं मन मोडून मला काही करायचं नाही. तुम्ही मांडवात नसाल तर मला मांडव नको. फक्त हो एवढं लिहा. इंग्रजीत दोन अक्षरं होतात. उत्तर आलं नाही तर मी काय समजायचं ते समजेन. सकाळी मार्केटला जाताना कानटोपी घालत जा. तुमची हर्षी."

अण्णांना रडू आलं. बघायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही. पोरगी दोन अक्षरं मागत होती आणि आपण तिचं पाकीटसुद्धा फोडलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. सोमवारच्या मेलात काहीही असो, या मेलाचं उत्तर आपल्याकडे बाकी आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

इकडे बाहेर सुवर्णाताई बँकेतून परत आल्या. त्यांचा कॉम्प्युटर डिस्क भरली म्हणून कुरकुरत होता. बघतात तो मध्येच एक अवाढव्य, विचित्र नावाची फाईल. आठवड्यापूर्वीच संतोषने सगळ्यांना उभं करून व्हायरसवर भाषण दिलं होतं: अनोळखी फाईल दिसली की उघडायची नाही, विचारत बसायचं नाही, सरळ उडवायची. भाषण मन लावून ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. फाईल इतकी मोठी होती की कॉम्प्युटरने विचारलं, कायमची काढू का? सुवर्णाताईंनी हो म्हटलं आणि ही कामगिरी सांगायला त्या संतोषकडे गेल्या. संतोष खुर्चीवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

खाली पॅकिंग शेडमध्ये महेश होता. मेलच्या बाबतीत त्याचा एकच नियम होता: जाड अक्षरांत जे वर दिसेल ते आज करायचं. तारीख बघायची त्याला सवय नव्हती, आणि मेल न उघडता वरची ओळ वाचूनच तो कामाला लागायचा, म्हणून झालेली कामंही जाडच राहायची. मेल आला म्हणजे आजचाच. आता वर जाड अक्षरांत होतं, दसऱ्यासाठी दोनशे खोकी झेंडू ताबडतोब विमानतळावर पाठवणे. मार्गशीर्षात दसरा कुठला, असं क्षणभर त्याच्याही मनात आलं, पण दुबईवाल्यांचं काही वेगळं असेल म्हणून त्याने मखमलाबादकडच्या शेतकऱ्यांना फोन लावले, माणसं जास्तीची बोलावली आणि अंधार पडायच्या आत टेम्पो मुंबईच्या रस्त्याला लावला. त्याखाली जाड अक्षरांतच सुवर्णाताईंचा मेल होता: तुमच्या बिलांवर भाजीच्या मातीचे ठसे असतात, यापुढे असली बिलं घेणार नाही. हे भांडण दिवाळीत चिवड्याचा डबा देऊन मिटलं होतं. आपला चिवडा खाऊन वर पुन्हा हेच, असं महेशच्या मनात आलं. खरं तर चिवडा त्यानेच खाल्ला होता, पण राग आला की कोणी कोणाचा चिवडा खाल्ला याचा हिशोब राहत नाही.

गुरुवारी सकाळी तो सुवर्णाताईंच्या टेबलापाशी आला. हात कोपरापर्यंत ओले होते आणि बिलं हातरुमालात गुंडाळलेली होती.

"घ्या," तो म्हणाला. "साबणानं धुतलेत हात. वास घेऊन बघायचा तर बघा."

"महेशभाऊ, काय झालं तुम्हाला?"

"मला काय व्हायचंय? आम्ही मातीतली माणसं. तुम्ही सांभाळून रहा."

तेवढ्यात मुंबईहून विमानतळावरच्या एजंटचा फोन आला. दुबईला दसरा वर्षातून दोनदा येतो का, असं तो विचारत होता. सुवर्णाताईंनी महेशकडे पाहिलं, महेशने संतोषकडे पाहिलं, आणि संतोषने आपली डब्याची पिशवी आवरायला घेतली. कारण आता अण्णांना सगळं सांगायचं होतं आणि त्यानंतर आपण इथे नसणार हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

तिघे मिळून केबिनमध्ये गेले. संतोषने मान खाली घालून सांगितलं, की टेपांवर मेल कधी नव्हताच, ताजी फाईल गेली, ऑफिस कायमचं दसऱ्यावर राहिलं आणि झेंडू मुंबईला पोचला. सांगून झाल्यावर तो अण्णांच्या आवाजाची वाट पाहत उभा राहिला.

"झेंडू तिथल्याच फुलबाजारात देऊन टाक म्हणावं," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "मार्गशीर्षाचे गुरुवार हायेत, बाया घेतील. आन् ज्यांनी ज्यांनी आपल्याला लिहिलं व्हतं त्यांना फोन करून सांगा, आमच्याकडचं सगळं गेलंय, पुन्हा पाठवा. त्यात लाज कसली?"

"आणि ऑफिस दसऱ्यावर राहिलं त्याचं?"

"राहू दे की. दसरा काय वाईट दिवस हाय का?"

तिघेही बाहेर आले. जिन्यात आल्यावर सुवर्णाताई म्हणाल्या, "त्या दुबईवाल्याने लिहिलं तरी काय होतं?" महेश मघाचा राग विसरून म्हणाला, "जे काय असंल ते, रोज लिहीत जा म्हणावं." संतोषने डबा पिशवीतून काढून पुन्हा टेबलावर ठेवला.

संध्याकाळी इंदिरानगरला फोन वाजला, तेव्हा अण्णा फोनशेजारीच बसलेले होते. नवसाबाई समोर मेथी निवडत होत्या, पण त्यांचं एकही पान खुडलं जात नव्हतं.

"अण्णा?" हर्षालीचा आवाज आला. "तुम्हीच आहात ना? मेल वाचलात?"

"वाचला."

"मग?"

अण्णांनी घसा साफ केला. "माझं हो हाय."

नवसाबाईंच्या मांडीवरची मेथी खाली सांडली.

"कशाला हो, अण्णा?"

"कशाला म्हंजे? समाधानला. पुंजाला घेऊन ये म्हणावं रविवारी, जेवायलाच या."

"पण अण्णा," हर्षाली चाचरत म्हणाली, "सोमवारी तर मी लिहिलं होतं की तुमचं उत्तर नाही म्हणजे नाहीच समजायचं, आणि आम्ही दोघांनी हे इथेच थांबवायचं ठरवलंय. तुम्ही सांगाल तो मुलगा बघीन, असंही लिहिलं होतं. ते वाचलंत ना तुम्ही?"

अण्णांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. म्हणजे सोमवारी सकाळी, चहाच्याही आधी, ते जिंकले होते. एवढे दिवस ज्याच्यासाठी अंघोळीची सोंगं केली, तोंडाला कुलूप घातलं, ते आपण होऊन चालत त्यांच्या टेबलावर आलं होतं आणि त्यांनी ते न उघडता उडवलं होतं. अजूनही वेळ गेलेली नव्हती. 'थट्टा केली, तू लिहिलंस तेच बरोबर, शहाणी पोर आहेस,' एवढं म्हटलं की झालं असतं. समोर नवसाबाई पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडे पाहत होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी अण्णांकडे असं पाहिलं नव्हतं.

"सोमवारचा मेल मी डिलीट केलाय," अण्णा म्हणाले. "दसऱ्याचा तेवढा ठेवलाय."

हर्षाली रडायला लागली. रडता रडता ती म्हणाली, की अण्णा, इतकं मोठं मन कोणाचं नसतं, माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही. अण्णा आयुष्यात एवढं खरं कधी बोलले नव्हते आणि एवढं कौतुकही त्यांचं कधी झालं नव्हतं. त्यांनी रिसीव्हर नवसाबाईंच्या हातात दिला आणि नाक शिंकरायला मोरीत गेले.